परतीची वाट सांगायची राहिली

परदेशातल्या त्या शाळेत मी दोन वर्षं भूगोल शिकवला आणि जवळजवळ दर शनिवारी कुठेतरी फिरायला गेले. सकाळी डबा भरायचा, पाण्याची बाटली आणि छत्री घ्यायची आणि आईला फोन लावायचा. छत्री कित्येकदा घरी राहिली, फोन कधीच नाही. कारण फिरायला आम्ही दोघी जात होतो.

काचबिंदूने आईचे दोन्ही डोळे गेले, त्याच वर्षी मला ही नोकरी लागली. ‘जाऊ नकोस’ असं ती एकदाही म्हणाली नाही. म्हणाली, “ठमे, तू बघ आणि मला सांग. तुझ्या बाबांनी जन्मभर मला मंडईच्या पलीकडे नेलं नाही. आता बसल्या जागी परदेश बघते.” मग दर शनिवारी दादा तिची खुर्ची खिडकीशी ओढायचा, तिच्या हातात फोन द्यायचा आणि आमची बस निघायची.

मी बडबडी, ती चौकस. घंटाघर झालं, टेकडीवरची बाग झाली, बंद पडलेली गिरणी झाली. “डावीकडे काय आहे? पायऱ्या किती? कठडा आहे का गं धरायला?” मी सांगायची आणि ती खरोखर चालायची. चढ आला की तिला लागलेली धाप मला फोनवर ऐकू यायची. संध्याकाळी परतीची बस, आमचा थांबा, जिना, कुलूप, सगळं रीतसर सांगून मी म्हणायची, “आलो गं घरी.” ती “आलो बाई एकदाचे” म्हणायची आणि पाय लांब करायची. एवढं झाल्याशिवाय तिची सहल संपायची नाही.

एका शनिवारी मात्र परीक्षेच्या पेपरांचे तीन गठ्ठे टेबलावर होते. बाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती आणि आईला नाही म्हणवेना. मग ठोकली लोणकढी थाप. खोलीतच पलंगावर बसून, हातात लाल पेन धरून, मी तिला एका तळ्यावर नेलं. कुठल्याच नकाशात नसलेलं तळं, आणि सांगणारी कोण, तर भूगोलाची बाई! काठावर धुकं होतं, पाण्यात लांबवर गेलेला लाकडी धक्का होता आणि धक्क्याच्या टोकाला एक बाक. त्या बाकावर मी पाठमोरी बाई बसवली. का बसवली, देव जाणे. नुसता बाक ओकाबोका वाटत होता, इतकंच.

“बसू या की तिच्याशेजारी,” आई म्हणाली.

“बसलो,” मी म्हणाले आणि तेवढ्यात दार वाजलं. मुख्याध्यापिका पेपर मागायला स्वतः आल्या होत्या. मी घाईघाईने फोन ठेवला आणि नंतर पुन्हा करायचं साफ विसरले.

पुढच्या शनिवारी मी बसस्टँडवरून फोन केला, तर आई म्हणाली, “आज दुसरीकडे नको. इथेच बरं वाटतंय.”

“इथे म्हणजे कुठे?”

“तळ्यावर गं. पाणी थोडं चढलंय. आणि ही बाई बोलत काही नाही, पण माझा पदर धरून बसलीय.”

चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, आईने थाप ओळखली आणि आता माझी फिरकी घेतेय. मीही कमी नाही. म्हटलं, “बरं, बदकं कशी आहेत तिथली?”

“बदकं नाहीत,” ती शांतपणे म्हणाली. “या पाण्यात काहीच नाही, ठमे.”

गुरुवारी शाळेत मधल्या सुट्टीत वहिनीचा फोन आला.

“ताई, आई दोन दिवस खुर्चीतून उठल्या नाहीत. अन्नाचा कण नाही पोटात. बस आली की घरी जाऊन जेवेन म्हणतात. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे. पण ताई...” तिचा आवाज एकदम खाली गेला. “त्यांचे पाय घोट्यापर्यंत ओले आहेत. मी पुसते... की परत ओले होतात.”

शिक्षकांच्या खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी दार लावून घेतलं आणि फोन आईच्या कानाला लावायला सांगितला. पलीकडे पाणी लाकडावर हळूहळू आपटत होतं.

“आई, ते तळं खोटं आहे गं. मी मनाने रचलं. चुकले मी.”

“वेडी कुठली. खोटं कसं असेल? मी बसलेय ना इथे.” आवाज थकलेला, पण प्रेमळच. “फक्त परतीची वाट तू सांगितली नाहीस. म्हणून थांबलेय तुझ्यासाठी.”

ती रागावली असती तरी परवडलं असतं. हजारो मैलांवर बसून मी माझ्या आंधळ्या आईला एका खोट्या जागी सोडून आले होते, आणि ती बिचारी विश्वासाने माझी वाट बघत होती. मी डोळे मिटले.

“आई, ऊठ. माझा हात धर.”

थोडा वेळ नुसतं पाणी. मग ती म्हणाली, “हं... धरला.”

“आता वळ. पाणी पाठीमागे राहू दे. सरळ चाल, मी आहे.”

फळ्या करकरल्या. मला स्पष्ट ऐकू आलं. “ती बाई...” आई म्हणाली.

“तिच्याकडे लक्ष देऊ नकोस. संपला बघ धक्का. आता गवत. ही बस उभी आहे, चढ. खिडकीची जागा तुला.” मी बोलत राहिले. या वेळी बस माझ्या खोलीकडे नेली नाही, थेट आमच्या घरी नेली. आमचा कोपरा, आमचं फाटक, तीन पायऱ्या, दार. मागून वहिनी ओरडली, “ताई, पाय कोरडे झाले!”

“आलो गं घरी, आई.”

“आलो बाई एकदाचे,” ती म्हणाली आणि मला हुंदका आवरेना. तिकडे दादाही रडत होता. वहिनीने ताट आणलं, भांड्यांचा आवाज आला. आई हसून म्हणाली, “कडकडून भूक लागलीय. ठमे, आता हात सोड की माझा. जेवू कशी?”

मी रडतारडता हसले. “सोडला, आई.”

कुणा लहान मुलाशी बोलावं तशी, अगदी हळू ती म्हणाली, “नाही गं सोडलास अजून... आणि केवढा गार पडलाय हात तुझा. ये... अशी पदराखाली ये.”