न शिकवलेला शेवट

लंडनमधल्या लॅडब्रोक ग्रोव्हच्या उड्डाणपुलाखाली, कालव्याच्या अंगाला, पत्र्याच्या कुंपणाआड बँडचं यार्ड होतं. ऑगस्ट लागला की आसपासचे त्रिनिदादचे लोक काम सुटल्यावर घरी न जाता थेट तिथेच यायचे. वर गाड्या धडधडत, खाली तेलाच्या पिंपांचे तळ ठोकून केलेले, काठ्यांनी वाजवायचे पॅन ओळीने मांडलेले असत, आणि कोपऱ्यात ऑगस्टा मावशीच्या पातेल्यात कोंबडी घातलेला भात शिजत असे. सुरांचा कागद इथे कुणी कधी पाहिला नव्हता. अन्सेल्म मास्तर एक तुकडा वाजवून दाखवत, लोक तो हातात बसवत, मग पुढचा तुकडा. धुनेचा शेवट मात्र मास्तर अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत स्वतःपाशीच ठेवत. दुसऱ्या बँडांची माणसं कुंपणाबाहेर सिगारेट ओढत उभी राहायची, आणि ती काही सिगारेटसाठी येत नव्हती.

त्या साली मास्तर शेवट न शिकवताच गेले. कार्निव्हलच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीला जेमतेम दोन आठवडे उरले असताना, रविवारी सकाळी बसस्टॉपवर बसल्या बसल्या. बस आली, गेली, ते उठले नाहीत.

तरुणपणी याच रस्त्यावर त्यांनी पहिल्यांदा पॅन बाहेर काढला तेव्हा खिडक्या धडाधड बंद झाल्या होत्या, एक अंडंही अंगावर आलं होतं. आता त्याच खिडक्यांतून लोक कार्निव्हलला मान बाहेर काढून बसतात. हे सगळं मास्तरांनी नुसत्या दोन काठ्यांवर केलं. त्यांच्या अंत्ययात्रेला अर्धा मोहल्ला लोटला, आणि दुसऱ्या दिवशी बँडसमोर प्रश्न उभा राहिला की शनिवारच्या अंतिम फेरीत वाजवायचं काय.

"शेवट आपण काहीतरी ठोकून देऊ," कुणीतरी म्हणालं.

"नाही," व्हर्लिन म्हणाली. "मास्तरांच्या धुनेला मी ठिगळ लावणार नाही. पुरती सापडली तर उतरायचं, नाहीतर नाही."

व्हर्लिन लेझामा बँडची कॅप्टन. सर्वांत पुढे, सर्वांत उंच सुराचा पॅन तिचा. दिवसा ती हॉस्पिटलात ऑपरेशनच्या खोलीत नर्स होती. आत गेलेला कापसाचा प्रत्येक बोळा परत बाहेर आला की नाही हे बघणं तिच्या कामाचाच भाग होता, त्यामुळे कशावर चटकन विश्वास ठेवायची तिला सवयच नव्हती. सगळ्यांसमोर ती ताठ उभी राहिली खरी, पण आतून ती दुखावली होती. इतकी वर्षं मास्तरांच्या शेजारी उभी राहिले, आणि त्यांनी मलासुद्धा सांगू नये? माणूस गेल्याचं दुःख निराळं आणि हे निराळं. हे तिला कुणाजवळ बोलताही येईना.

सोमवारी ती कालव्याकडून येत होती तेव्हा कुंपणापलीकडे खर्जाचे पॅन वाजत होते. धून जिथे तुटायची तिथे आली. आणि पुढे गेली. थोडीशीच, जिना उतरावा तशी खाली खाली गेली. व्हर्लिनने फाटक ढकललं तसं सगळं थांबलं.

खर्जाचा म्होरक्या क्लीटस. दोन वर्षांपूर्वी हा भांडून दुसऱ्या बँडकडे गेला होता, मग परत आला. कशासाठी आला हे व्हर्लिनला कधीच पटलं नव्हतं.

"क्लीटस, काय होतं ते?"

"कुठे काय?"

"पुढे गेलास तू."

"हात घसरला."

"तुम्हा सगळ्यांचा? एकदम?"

बाकीचे पॅनमध्ये तोंड घालून उभे होते. क्लीटसने तिच्याकडे पाहिलं आणि हळूच डोळा मारला. "पोलीस चौकीत निदान खुर्ची तरी देतात, कॅप्टन. पास झालो ना?"

व्हर्लिनचा तिळपापड झाला. कशात पास? एक तर मास्तरांनी शेवट तिला सोडून या बाहेर जाऊन आलेल्या माणसाला शिकवला होता, नाहीतर दुसऱ्या बँडने याच्या हाती खोटा शेवट धाडला होता, भर मैदानात हसं व्हावं म्हणून. दोन्ही गोष्टी तिला खऱ्या वाटू लागल्या. त्या संध्याकाळी ती वाजवता वाजवता क्लीटसच्या हातांकडेच बघत होती.

मंगळवारी मधल्या रांगेतली जोसेट, शाळेतली मास्तरीण, पॅन पुसताना काहीतरी गुणगुणत होती. व्हर्लिनला तो सूर माहीत नव्हता, तरी तो कुठे जाणार हे तिला कळलं. मास्तर असेच वळायचे.

"हे तुला कुणी दिलं?"

जोसेट गोरीमोरी झाली. "मला बोलायला मनाई आहे."

"कुणाची?"

"तुला माहीत आहे."

"मला काहीही माहीत नाही, जोसेट."

"बरं," जोसेट म्हणाली, आणि लहान मुलीसारखे ओठ मिटून हसली.

व्हर्लिन तडक कोपऱ्यात गेली. पोटात काही नव्हतं, डोकं भणभणत होतं. तिने ताट पुढे केलं.

"अगं, आत्ताच तर नेलंस की," ऑगस्टा मावशी म्हणाली. "दोनदा वाढून घेतलंस. पोटात काय जंत झालेत?"

"मी आत्ता येतेय, मावशी. कामावरून."

मावशीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मावशीच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता, हे व्हर्लिनने स्वतःला बजावलं. भात तिने खाल्ला, पण चव लागली नाही.

गुरुवारी तिने रजा टाकली, कुणाला न सांगता. भर दुपारी येऊन ती कुंपणाबाहेर उभी राहिली, जिथे त्या सिगारेटवाल्यांची थोटकं पडलेली असायची. लाज वाटली. आपल्याच यार्डावर आपणच हेरगिरी करायची म्हणजे काय. पण ती हलली नाही.

आत सगळा बँड, कामं टाकून, वाजवत होता. धून तुटायच्या जागेवर आली, पुढे गेली, आणि या वेळी थांबली नाही. खर्ज होता, मधली रांग होती. आणि सगळ्यांच्या वरून जाणारा एक पॅनही होता. तो उंच सूर बँडमध्ये एकाच पॅनचा होता.

ती धावत फाटकातून आत शिरली. सगळे आपापल्या जागी. तिची जागा रिकामी. तिच्या पॅनवरचं फडकं काढलेलं होतं. तिने काठ्या उचलल्या. त्यांची मूठ कोमट लागली, कुणीतरी नुकतीच सोडल्यासारखी.

"माझा पॅन कोण वाजवत होतं?"

वरून एक ट्रक गेला.

"क्लीटस, कुणी शिकवलं तुम्हाला हे? आता खरं सांगायचं."

"पुरे झालं गं," क्लीटस म्हणाला. चिडला नव्हता, दमला होता. "तूच शिकवलंस. एकेका रांगेला वेगवेगळं बोलावून. आणि वर दम भरलास, मी स्वतः विचारलं तरी कबूल करायचं नाही. आम्ही नाही केलं. अजून किती परीक्षा घेशील?"

"कधी शिकवलं मी?"

"दुपारी."

"दुपारी मी हॉस्पिटलात असते."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. जोसेट पुढे झाली, अगदी हळू आवाजात बोलली. "सगळं डाव्या हाताने दाखवलंस. मास्तरांसारखं. आम्हाला वाटलं, दुःखात माणूस असं करत असेल, म्हणून कुणी काही बोललं नाही."

व्हर्लिनला डाव्या हाताने साधा चमचा धरता येत नव्हता. तिला भीती वाटली, स्वच्छ भीती, आणि भीतीपेक्षाही जास्त राग आला. कुणीतरी आपली जागा घेऊन बसलंय, आणि ही शहाणी माणसं त्याला आपल्या नावाने हाक मारताहेत.

"वाजवा," ती म्हणाली. "मी नुसती ऐकते."

त्यांनी वाजवलं. खर्ज इतका उशिरा खाली सोडायची छाती अन्सेल्म मास्तरांशिवाय कुणाची नव्हती. दुसऱ्या बँडचा यात हात नव्हता, खोटं तर त्यात काहीच नव्हतं. धून पुरी होती, फक्त सर्वांत वरचा सूर तेवढा गायब होता. आता नाही कुठल्या तोंडाने म्हणायचं?

"शनिवारी उतरायचं," व्हर्लिन म्हणाली.

"तुझा भाग?" क्लीटसने विचारलं.

"तिला येतोच की," जोसेट म्हणाली.

व्हर्लिनने मान डोलावली, पण मनाशी वेगळंच ठरवलं. त्या जागेवर आलं की हात उचलायचे. वरचा सूर बंद पडेल, बँड तोंडघशी पडेल, बक्षीस जाईल. जाऊ दे. पण सगळ्यांना एकदाचं दिसेल की हिला शेवट येत नाही, आणि शिकवणारी ही नव्हती.

शनिवारी मैदान माणसांनी फुलून गेलं होतं. मक्याची कणसं भाजल्याचा वास, पोरं खांद्यांवर, परीक्षक तंबूत. बँड चाकं लावलेल्या मंचावर चढला. अख्खा आठवडा व्हर्लिन त्यांच्याकडे संशयाने बघत आली होती, आज त्यांचे चेहरे बघून मात्र तिला भरून आलं. ही माझी माणसं.

तिने काठ्यांनी ताल दिला. धून सुरू झाली.

सुरेख वाजत होती. लोक नाचू लागले.

ती जागा जवळ आली. व्हर्लिनने क्लीटसकडे पाहिलं. तो डोळे मिटून वाजवत होता.

तिने दोन्ही हात वर उचलले.

सूर थांबला नाही.

तिच्याच पॅनमधून येत होता. काठ्या तिच्या हातात होत्या, डोक्याच्या वर. खाली पोलाद थरथरत होतं.

तिला ओरडायचं होतं. पण तो शेवट इतका मास्तरांचा होता, इतका मोकळा आणि खोडकर, की ती तशीच हात वर करून रडत राहिली. सांगितलं नाहीत म्हणून केवढा राग धरला होता मी तुमच्यावर, असं ती मोठ्याने म्हणालीही. पॅनच्या गजरात ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

शेवटचा ठोका पडला. मैदानातून आरोळी उठली.

मावशी पायऱ्यांच्या तळाशी हात पसरून उभी होती. क्लीटस पिंपांमधून वाट काढत पुढे आला. त्याचे गाल ओले होते. त्याने व्हर्लिनचा कोपर धरला, हळूच, अनोळखी माणसाचा धरावा तसा.

"बाई, जरा बाजूला होता का?" तो म्हणाला. "आमच्या कॅप्टनला उतरायचंय."

आणि "ये गं व्हर्लिन," म्हणत मावशी व्हर्लिनच्या खांद्यावरून पलीकडे बघत हसली.