एकाच तालुक्यात दोन किल्ल्या

कट्टा गावच्या बाजारात मी सुक्या मिरच्या निवडत होते, आणि मागून आवाज आला, "ओ दादानू, देवबागची एसटी खंय मिळतली?"

मिरची हातातच राहिली. हा आवाज मी वर्षभर रोज ऐकत होते... हेडफोनमधून, थेट हैदराबादहून! मी गर्रकन वळले. उंच, जरासा वाकून उभा, पाठीवर बॅग, चष्म्यावर प्रवासाची धूळ. फोटोतला सर्वेश, फक्त फोटोत केस विंचरलेले असायचे. पहिल्या भेटीत मुलींनी लाजायचं असतं म्हणे. मी ओरडले, "तू हैदराबादेत असायला हवास!"

दुकानदार दचकला. सर्वेशही दचकला. मग त्याला ओळख पटली आणि तो हळूच हसला.

"रसिका? तू... तू फोनवर वाटतेस तशीच दिसतेस."

"म्हणजे कशी?"

"रागावलेली."

आता रागाचं कारण सांगून टाकते, नाहीतर तुम्हीही मला भांडकुदळ ठरवाल. आमची कंपनी लहान लहान दवाखान्यांच्या नोंदी सांभाळते. कुणाला कसलं इंजेक्शन दिलं, कुणाला कुठल्या गोळीने अंगावर पुरळ उठतं, सगळं क्लाउडवर. क्लाउड म्हणजे ढगबिग काही नाही हो, कुठल्यातरी इमारतीत घरघरणारी मशीनच ती. आमची मुख्य मशीन मुंबईत आणि तिच्या जोडीची हैदराबादेत. मुंबईत लिहिलेली ओळ क्षणात हैदराबादेतही उतरते. मुंबईवर काही संकट आलं, तर हैदराबादने उठून कारभार हातात घ्यायचा. पण हे एकट्यादुकट्याने घाबरून करायचं नाही. मुंबई धडधाकट असताना हैदराबादही मालकीण होऊन बसली, तर एका चुलीवर दोन सुना! आमटीत मीठ कोणी घातलं, कोणालाच पत्ता नाही. म्हणून दोन किल्ल्या. दोघांनी आपापल्या जागेवरून हो म्हटलं, तरच बदल होणार. किल्ली म्हणजे फोनवर उमटणारा एक आकडा, पण आम्ही किल्लीच म्हणतो. एक माझी, एक सर्वेशची.

आणि किल्लीवाले दोघं कधीही एका ठिकाणी राहायचे नाहीत, हा नियम माझा. मी स्वतः लिहून मंजूर करून घेतलेला. मी देवबागची. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मधल्या वाळूच्या पट्टीवर आमचं घर. तौक्ते वादळानंतर कितीतरी दिवस आम्ही बिनविजेचे, बिनफोनचे काढले होते. एका वादळाने दोघांना गाठता कामा नये, हे मला कुणी शिकवायला नको होतं. आणि खरं सांगू? त्या नियमाच्या जोरावरच कंपनीने मला पुण्याला न बोलावता घरी बसून काम करू दिलं होतं.

आणि हा पठ्ठ्या माझ्याच तालुक्यात, मिरच्यांच्या दुकानापुढे उभा!

"तुझी किल्ली कोणाकडे?"

"अनुजाकडे. रजेपुरती, अगदी रीतसर दिलीय गो." अनुजा म्हणजे हैदराबादच्या ऑफिसातली आमची सहकारी.

"आणि इकडे कसा काय?"

"मिठबावला मामा असतो माझा. त्याला भेटायला..."

"मिठबावाक जाणारो माणूस कट्ट्यार काय करता?"

मिठबाव कुठे, तिकडे देवगड तालुक्यात किनाऱ्याला, आणि कट्टा कुठे! शिवाय देवबागची एसटी विचारताना मी या कानांनी ऐकलं होतं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"डोंबिवलीत वाढलोय मी," तो म्हणाला. "खोटं बोलण्याआधी नकाशा बघायला हवा होता."

मला हसू आवरेना. राग कुठल्या कुठे पळाला. "एसटी गेली. चल, बस स्कूटरवर. मिरच्यांची पिशवी धर, आणि खबरदार माझा खांदा धरलास तर."

"मग काय धरू?"

"जीव मुठीत!"

घरी पोचलो तेव्हा आई अंगणात साठवणीच्या सोलांना, म्हणजे आमसुलांना, ऊन दाखवत होती. आई म्हणजे सुगंधाबाई. आमच्या चार खोल्यांत पाहुणे उतरतात, त्यांचा सगळा कारभार तिच्या हातात. तिने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"ह्यो कोण गो?"

"ऑफिसातलो."

"तोच काय? हेडफोनातलो?"

सर्वेशने माझ्याकडे बघितलं. मी समुद्राकडे. म्हणजे घरी त्याचं नाव निघत होतं, हे त्याला कळलं की हो! जेवताना आईने सुरमईची मधली तुकडी त्याच्या ताटात वाढली आणि शेपटी माझ्या. तेव्हाच मला समजायला हवं होतं, वारं कुठल्या दिशेचं आहे.

संध्याकाळी त्याला संगमावर नेलं, खाडी समुद्राला मिळते तिथे. परतीचा पाऊस नुकताच शिंपडून गेला होता. वाळू ओली, गार... आम्ही चपला हातात घेऊन चालत होतो.

"कोणाला भेटायला आलास, खरं सांग."

"तुला."

एवढं सरळ उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. पण माझं तोंड कसं गप्प बसेल? "का? मी काय किल्ल्यासारखी बघण्याची जागा आहे?"

"रोज सकाळी विचारतेस, 'सर्वेश, हैदराबाद किती मागे आहे?' मी सांगतो, 'काही मागे नाही, सगळं पोचलंय.' आणि मनात म्हणतो... मी हिला पाठवतोय ते कधी पोचणार?"

"काय पाठवत होतास?"

"एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारून बोलणं लांबवत होतो. तुला काय वाटलं, मला काम समजत नाही?"

"हो," मी म्हटलं.

तो इतका हसला की वाळूत बसला. मीही बसले. जरा अंतर ठेवून... मग जरा कमी अंतर ठेवून. आवडत होता तो मला, लपवून काय करू? त्याची रजा असली की माझा दिवस अळणी जायचा.

"रसिका," तो हळूच म्हणाला, "मी इकडेच आलो तर? कायमचा... तुझ्याकडे?"

किती गोड प्रश्न होता! आणि तो ऐकून मला पहिली आठवली ती किल्ली. "दोन्ही किल्ल्या एका गावात चालणार नाहीत. एकाची जाणार. तू हैदराबादच्या ऑफिसातला, मी आधीच घरून कामाची सवलत घेतलेली, मग कोणाची काढतील? माझी. आणि किल्ली गेली की गुरुप्रसाद सर म्हणणार, आता देवबाग कशाला, ये पुण्याला."

"मी सोडतो ना माझी."

"किती खपून मिळवलीस ती! माझ्यासाठी सोडलेली मला नको. उद्या भाजीत तिखट जास्त पडलं की तेच काढशील, तुझ्यासाठी मी हे सोडलं अन् ते सोडलं."

"नाही काढणार."

"सगळे असंच म्हणतात."

"मग तुझं उत्तर काय?"

माझं उत्तर ओठांवर होतं, हो, हजारदा हो. पण पुढचा रस्ताच दिसत नव्हता, तर त्याला आशा कशी लावू? "उद्या ड्रिल आहे," मी उठले. "जेवायला चल."

बिचारा आला मागून. मला स्वतःचाच इतका राग आला म्हणून सांगू!

ड्रिल म्हणजे संकटाची तालीम. रविवारी दुपारी बहुतेक दवाखाने बंद असतात, तेव्हा खोटंखोटं धरायचं की मुंबई गेली, आणि खरोखर सगळं हैदराबादला हलवून बघायचं. सर्वेशला मी झोपाळ्यावर बसवलं आणि बजावलं, "कशाला हात लावायचा नाही. तू रजेवर आहेस." तो निमूट आईबरोबर नारळ सोलू लागला. त्याने सोललेले नारळ बघून आई पुटपुटली ते मी ऐकलं, "शिकात हळूहळू."

सकाळपासून लाइट नव्हती, पण इंटरनेट बॅटरीवर चालू होतं. आमचे साहेब गुरुप्रसाद सर पुण्याहून म्हणाले, "समजा, मुंबई गेली. करा सुरू." मुंबईचं लिहिणं थांबवलं. "अनुजा, हैदराबाद किती मागे?" "काही नाही, सगळं पोचलंय." तिने तिची किल्ली फिरवली. आता माझी पाळी. मी फोन उचलला, आणि धाडकन आवाज झाला.

माडाचं भलंमोठं चुडत, म्हणजे झावळी, खाली आलं होतं, येताना इंटरनेटची तार घेऊन. स्क्रीन गोठली. फोन बघते तर रेंजही गेलेली. लाइट नाही म्हणून गावचा टॉवरही थंड पडला असणार. मुंबई थांबलेली, हैदराबाद अजून उठलेली नाही. आत्ता कुठल्या दवाखान्यात अडलानडला पेशंट आला, तर डॉक्टरला काहीच दिसणार नाही. थोडी वाट बघून सर मुंबई परत सुरू करतील आणि सगळ्यांना कळेल, ड्रिल फसलं ते देवबागमुळे. गेली माझी किल्ली!

"जेटीवर चल!" सर्वेश उठला. "माझ्या फोनची कंपनी वेगळी. काल संगमावरून परतताना तिथे खाडीपलीकडच्या टॉवरची रेंज येत होती."

धावलो. मी लॅपटॉप छातीशी धरून, तो छत्री घेऊन. आणि वाटेतच पाऊस आला, टपोरा, तिरपा. जेटीच्या टोकाला मी मांडी घालून बसले. त्याने आपल्या फोनचं इंटरनेट मला जोडून दिलं आणि छत्री धरली, अख्खी लॅपटॉपवर. मी अर्धी भिजले, तो सगळाच्या सगळा. चष्म्यावरून धारा लागलेल्या, पण छत्री तसूभर हलली नाही. आधी मशीन, मग मी, मग तो. ज्याला हे न सांगता कळतं, असा दुसरा माणूस मला कुठे मिळणार होता?

"रसिका! आलीस!" अनुजाचा आवाज.

मी किल्ली फिरवली. एक क्षण... दुसरा... आणि हैदराबाद उठली. सगळ्या नोंदी जागच्या जागी, एक ओळ हरवली नव्हती. मी आनंदाने सर्वेशचा हात धरला, आणि खरं सांगते, सोडायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही. त्याच्या मात्र लक्षात होतं. त्याने घट्ट धरून ठेवला.

ड्रिलनंतर लगेच मीटिंग असते. काय चुकलं ते खरंखरं सांगायचं, कोणी कोणाला बोल लावायचा नाही. आम्ही जेटीवरच्या पत्र्याखाली सरकलो.

"मध्येच कुठे गेलीस?" सरांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. चुडत, तार, टॉवर. आणि मग हेही सांगितलं, "सर, फोन सर्वेशचा होता. सर्वेश इथे आहे, देवबागात."

सर सावकाश म्हणाले, "रजेपुरतं ठीक आहे. किल्ली अनुजाकडे होती. पण पुढे काय? किल्लीवाले दोघं एका ठिकाणी नकोत, हे तूच आम्हाला शिकवलंस."

पाऊस पत्र्यावर वाजत होता. सर्वेश माझ्याकडे बघत होता, ओले केस कपाळाला चिकटलेले. मला ठाऊक होतं, आता हा तोंड उघडणार आणि म्हणणार, मी सोडतो. तो म्हणण्याआधी मी बोलले.

"सर, माझ्या नियमात चूक आहे. दोनच किल्ल्या असल्या की एक माणूस गायब झाला तरी सगळं अडतं. आज अडलंच होतं. तीन हव्यात. एक हैदराबादला अनुजाकडे, कायमची. एक पुण्यात तुमच्याकडे. एक देवबागला. तिघांपैकी कोणत्याही दोघांनी फिरवली की झालं. देवबाग बुडालं तरी काम थांबणार नाही."

"चांगलं आहे," सर म्हणाले. "खूपच चांगलं आहे. पण मग सर्वेशची?"

"त्याच्यासाठी नियमात एक ओळ वाढवायची..." मी सर्वेशकडे न बघता एका दमात सांगून टाकलं. "एका घरात राहणाऱ्या दोघांची किल्ली एकच धरावी. दोघांपैकी कोणीही फिरवावी."

"पण एका घरात राहतंय कोण?"

"सध्या कोणी नाही, सर. पण सर्वेशने काल विचारलंय. आणि माझं उत्तर... हो आहे."

अनुजा जी किंचाळली, ती हैदराबादहून फोनशिवायही ऐकू आली असती. "मला किल्ली! आणि यांचं लग्न! एकाच दिवशी!" सर हसत होते. "सर्वेश, हैदराबादचं मी बघतो," ते म्हणाले. "तू आधी डोकं पूस."

"माका आधी सांगूक नाय!" सर्वेश कुजबुजला. डोळे भरलेले त्याचे, पावसाचं निमित्त करून चष्मा पुसत होता.

"आता सांगलंय ना."

"परत सांग."

"हो रे. हो. आवडतोस तू मला. कधीचा."

मागे पावलं वाजली. आई उभी होती, हातात पंचा, आमच्या मागे भिजत आलेली. तिने सगळं ऐकलं होतं. पंचा तिने सरळ सर्वेशच्या डोक्यावर टाकला आणि खसाखसा पुसायला लागली. "आवशी-बापाशीक घेवन कधी येतलंस?"

"पुढच्या आयतवारी, मामी," पंच्याच्या आतून आवाज आला. आमच्याकडे सासूला मामी म्हणतात!

आईने त्याच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली, भर मीटिंगमध्ये, कॅमेऱ्यासमोर. पुणे बघत होतं, हैदराबाद बघत होतं, आणि मी तोंड लपवायला जागा शोधत होते. ती मला सर्वेशच्या ओल्या खांद्यामागे मिळाली.