आजाऱ्याचं ताट

"हे काय आजाऱ्याचं जेवान?" काशिरामने ताट पुढे सरकवलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

गुणाबाईचा हात पातेल्यावरच थबकला. इतकी वर्षं नवऱ्याने ताट सरकवलं की ती धडपडत उठायची, तव्यावर तेल ओतून मासळीच्या चार तुकड्या खरपूस तळून आणायची... आज तिचे पाय जागचे हलले नाहीत.

"व्हय," ती म्हणाली. "आजारी मी हाय. जेवान माजंच हाय."

पनवेलच्या कोळीवाड्यातल्या त्या घरात असं उत्तर आजवर कुणी दिलं नव्हतं. गेल्या महिन्यात बाजारात मासळी विकता विकता गुणाबाईच्या छातीत कळ आली आणि इस्पितळात काळजाच्या नळीत स्प्रिंग बसवून घेऊन ती घरी परतली. तळण नको, खोबऱ्याचं वाटण नको, वाफवलेला मासा, वाल, पालेभाजी खा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. घरच्यांनी मान डोलावली, आणि स्वयंपाक दोन ठरले! पण सगळ्यांचं तळण-वाटण उरकेपर्यंत तिच्या अंगात त्राण उरायचं नाही, स्वतःचं पातेलं शेगडीवर चढायचंच नाही... मग बुडाचा तेलकट रस्साच ती भातावर ओतून घ्यायची. काल जिना चढताना पुन्हा तीच कळ आली, आणि तिला लख्ख उमगलं, की ही माणसं आपल्यासाठी धाय मोकलून रडतील, पण एक दिवस बिनतळलेला मासा खाणार नाहीत. तिला दुःख झालं नाही, संताप आला.

म्हणून आज एकच स्वयंपाक. हळद, लसूण, कोथिंबीर चोळून केळीच्या पानात वाफवलेला रावस, थेंबभर तेलातलं वालाचं बिरडं आणि हिरव्या माठाची भाजी.

"आई, बाबांपुरत्या दोन तुकड्या मी तळते," सून हळूच म्हणाली.

"नाय. तुजा पन जन्म असाच जाईल. बस जेवायला."

काशिराम उसळला. "जन्मभर बंदरावर राबलो, आन मनासारका घास बी नाय?"

"तुमी राबलाव, मी नाय म्हनत नाय." गुणाबाईचा आवाज थरथरला, पण खाली आला नाही. "मी बी पाट्या वाहिल्या. आता माज्या काळजाला सोसत नाय. उपाशी ऱ्हावा, नायतर हे खावा. मी तवा चढवनार नाय."

आणि नवऱ्याच्या आधी, त्याच्यासमोर मांडी घालून ती जेवायला बसली. रावसाची मधली जाड तुकडी तिने स्वतःला वाढून घेतली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी ती जेवत होती; काटा बोटांनी अलगद सोडवून, प्रत्येक घास चवीने चावून...

काशिराम बघतच राहिला. उभ्या संसारात बायकोला जेवताना त्याने कधी पाहिलंच नव्हतं! तो जेवायचा तेव्हा ती वाढायची, आणि ती जेवायची तेव्हा तो झोपलेला असायचा.

"गुणे... तुला मधली तुकडी आवडते?"

"लगनाच्या आदीपासून."

त्याने मान खाली घातली. सरकवलेलं ताट जवळ ओढलं. केळीच्या पानात मधली एकच तुकडी उरली होती. ती उचलून त्याने तिच्या ताटात ठेवली आणि स्वतःला शेपटीकडची घेतली.

'नको, तुमी घ्या' हे शब्द सवयीने तिच्या ओठांवर आले. तिने ते गिळले, आणि तुकडी खाल्ली.