पूल राखणारा

दार लोटून घे, मिलो. कडी नको घालूस, नुसतं लोट. घोड्यांना वारा लागू दे.

आणि जाको, तू ते दात काढणं बंद कर. उद्या रात्रभर हा मिलो चॅपेलमध्ये एकटा उभा राहणार, परवा पेंटेकॉस्टच्या सणाला, मिस्साची प्रार्थना झाली की सरदार होणार, आणि तुला सुचतंय काय, तर याचे पाय दुखतील. दुखू देत. पाय दुखून कोणी मरत नाही. मी दुसरंच सांगायला बोलावलंय. आणि हे ऐकीव नाही. ज्याच्यावर गुदरलं त्याच्या घोड्याला मी आजही खरारा करतो.

थिबो. हो, आपलेच मालक. दाराकडे काय बघतोस? ऐकलं तर ऐकू दे.

तेवीस वर्षं झाली. पेंटेकॉस्टची आदली रात्र, शनिवार. चंद्र अर्ध्याहून थोडा मोठा, मध्यरात्र टळल्यावर मावळणारा. मी तेव्हाही याच तबेल्यावर. पाद्रीबाबांनी मला एक काम सांगितलं. गावातून जाड मेणबत्ती आणायची, वेदीवर लावायची, उमेदवार आत गेला की बाहेरून कुलूप घालायचं आणि किल्ली घेऊन उजाडेपर्यंत पायरीवर बसायचं. एवढंच. मी मेणबत्ती आणली, येताना कांदा-भाकरी खाल्ली, शीळसुद्धा घातली असेन.

थिबो आणि गेरां, दोघे बॅरन फुल्कचे ढालाईत, अजून सरदार न झालेले. आठ वर्षं एका गवतावर झोपलेले. थिबो मोठ्या घरचा. गेरांचा बाप सरदार खरा, पण मरताना पोराला एक ढाल ठेवून गेला, तीही चिरलेली. गेरां दहा वर्षांचा असताना बॅरनच्या घोडीने त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं तोडली. करंगळी आणि तिच्या शेजारचं. पट्टी मीच बांधली. पोरगं रडलं नाही. मला म्हणालं, "ओबेर काका, घोडीला मारू नका, माझाच हात चुकला." पुढे त्याच तीन बोटांनी तो चिलखताचे बंद असे आवळायचा की पाच बोटंवाले बघत राहायचे.

दोघांचं ठरलेलं होतं. जो आधी सरदार होईल, त्याने दुसऱ्याला सरदार करायचं. तलवार, टाचेचे सोनेरी काटे हे सगळं असतंच, पण सरदार होतो माणूस तो मानेवर उघड्या हाताचा तडाखा बसला की. तो तडाखा फक्त सरदारानेच द्यायचा. आणि जन्मात तेवढा एकच तडाखा परत करायचा नसतो.

गेरां म्हणायचा, "मीच आधी होणार बघ. आणि असा ठेवून देईन ना थिबो, म्हातारा झालास तरी मान चोळत बसशील."

"तीन बोटांनी? माशी बसली असं वाटेल मला."

मग त्या वर्षी ईस्टरच्या आधी शत्रू मागे लागला. आम्ही बारा जण पळत होतो. पळतच होतो, उगाच मोठे शब्द नकोत. नदीवर तो लाकडी पूल, एका वेळी एकच घोडा जाईल असा. बॅरन पुढून ओरडला, "जो पूल राखेल त्याला पेंटेकॉस्टला सरदार करीन."

गेरां थांबला. थिबो नाही थांबला. मी जादा घोडे घेऊन थिबोच्या मागेच होतो, मी बघितलंय. गढीचा दरवाजा बंद होईपर्यंत त्या पोराने पूल राखला. संध्याकाळी मी त्याला पाण्यातून ओढून काढला. बूट पाण्याने भरलेले. मी ते उलटे करून रिकामे केले. का केले, काय माहीत.

आणि त्या रात्री जेवणावर बॅरनने प्याला उचलून जाहीर केलं, पूल थिबोने राखला. का? तर थिबोचा बाप चाळीस स्वार धाडू शकत होता, आणि गेरांचा बाप मातीत. थिबो मान खाली घालून बसला. आयत्या बिळावर नागोबा! आणि मी? मीही मूग गिळून मांस वाढत होतो. तेवीस वर्षं मला राग येतोय पोरांनो. बॅरनचा येतो, थिबोचा येतो, आणि सगळ्यात जास्त माझा येतो. गेरांला भिंतीकडेला पुरला. वर दगडसुद्धा नाही.

तर ती रात्र. थिबोला न्हाऊ घातलं, पांढरा अंगरखा घातला. तो आत गेला. बसायचं नाही, झोपायचं नाही, बोलायचं नाही. मी कुलूप घातलं. पायरीवर बसलो, पाठ दाराला टेकून.

चंद्र मावळला.

कुत्री भुंकायची थांबली. सगळी. एकदम.

मग आतून आवाज आला. ओल्या बुटांचा. पचक... पचक... दारापासून वेदीकडे. सावकाश.

किल्ली माझ्या मुठीत होती. दुसरं दार नाही. खिडकी वीतभर.

पावलं थांबली.

मग थिबोचा आवाज. "गेरां..."

...

"बॅरनने सांगितलं तसं. मी काय करणार होतो?"

...

"शिव्या दे. काहीतरी बोल."

...

"सकाळी सांगतो. सगळ्यांसमोर. पूल तू राखलास, असं सांगतो. वचन देतो."

मग पचक... पचक... परत. दाराकडे. माझ्याकडे. माझ्या पाठीला लागून थांबली. मध्ये फक्त लाकूड. दाराच्या फटीतून गार पाणी आलं, माझ्या ढुंगणाखाली पसरलं. मी वळलो नाही. हळूच म्हणालो, "मीपण सांगेन, बाळा."

मग काही नाही.

उजाडलं. मी दार उघडलं. थिबो उभाच होता. ओठ निळे. फरशी कोरडी.

चौकात अख्खा गाव. मिस्सा झाला. बॅरन म्हणाला, "पूल कुणी राखला हे सगळ्यांना ठाऊक आहे." थिबोने माझ्याकडे बघितलं. मी घोड्याकडे बघितलं.

कुणीच बोललं नाही.

काटे बांधले. बॅरनने हातमोजा काढला. हात उचलला आणि हलकेच टेकवला, रीत म्हणून. मी चार हातांवर होतो... हलकेच.

थिबो तोंडावर पडला.

लोक हसले, बॅरनचा हात अजून जड आहे म्हणाले. बॅरन आपला तळवा उलटा-सुलटा करून बघत होता.

मी थिबोला इथे आणला, तू बसलायस ना मिलो, तिथे बसवला. गळपट्टी सोडली. बॅरनच्या हाताला पाच बोटं, मधल्या बोटात सुपारीएवढी अंगठी. मानेवर वळ उठले होते ते अंगठ्याचे आणि दोन बोटांचे. बस्स. अंगठीचा नाही. आणि वळ ओले होते. नदीच्या गाळाचा वास येत होता.

काय म्हणालास, जाको? मालकांच्या मानेचं फडकं? हो. म्हणूनच ते ऑगस्टातही मानेला लोकरीचं फडकं गुंडाळतात.

पण माझं डोकं दुसऱ्याच गोष्टीने उठतं. गेरां ढालाईत म्हणून मेला. ढालाईताला तो तडाखा देता येत नाही. सरदारालाच येतो. मग गेरांला सरदार कुणी केलं? बॅरनने नाही केलं. थिबोने नाही केलं. मी तर घोडेवाला. कुणाचा तरी हात त्याच्या मानेवर पडला असणार, आमच्यापेक्षा बऱ्या माणसाचा.

परवा मालक तुझ्या मानेवर हात ठेवतील, मिलो. त्याआधी कुणाचं काही तुझ्याकडे राहिलं असेल तर देऊन ये. उद्या दुपारपर्यंत वेळ आहे.

आणि ते बघ, खुंटीवर. मालकांच्या मानेचं फडकं. परवा धुऊन मी तिथे टाकलं. तीन आठवडे पाऊस नाही, गवत कसं कडकडतंय बघ. उठ. हात लाव त्याला.

लाव म्हणतो ना.

"...ओलं आहे, काका."

सगळं?

"नाही... तीन ठिकाणी."