पुढच्या शनिवारी भाव उतरतील

मानवजातीच्या इतिहासात दोनच शोध युगप्रवर्तक ठरले : अग्नी आणि संगणक. पैकी अग्नीवर मी रोज दूध उतू घालवत असे. आणि संगणक घ्यायला गेले, तेव्हा दुकानाच्या काचेच्या दारावर ठळक 'ओढा' लिहिलेलं असताना जीव खाऊन ढकलत राहिले.

दुकानदाराने दार आतून उघडलं. कानावर पेन्सिल, हातात स्क्रूड्रायव्हर, डोळ्यांत हसू... दाबलेलं.

"कशासाठी हवाय?"

"छापखान्याची अक्षरजुळणी घरून करायची आहे. महिनाअखेर यंत्र नसलं, तर काम दुसऱ्याला जाईल."

तेव्हा डेस्कटॉप सुटे भाग निवडून जुळवून घ्यायचा. त्याने यादी केली. मी एकेका कीबोर्डवर बोटं फिरवली. तो कीबोर्ड सोडून बोटांकडेच बघत होता.

"हा घ्या. याचा आवाज छान आहे... तुम्ही टाइप करता तेव्हा."

मग यादीची घडी घालून म्हणाला, "पण आज नका घेऊ. पुढच्या शनिवारी भाव उतरतील."

पुढच्या शनिवारी मोठा मॉनिटर येऊ घातला होता. त्याच्या पुढच्या शनिवारी मेमरी स्वस्त होणार होती. टेबलफॅन मात्र दर वेळी माझ्याकडे वळवलेला असे — आणि तो स्वतः घामाघूम!

बाबा म्हणाले, "कॉम्प्युटर घेते आहेस, की तिथे नोकरी धरलीस?"

चौथ्या शनिवारी, महिना संपायला दोन दिवस उरलेले असताना, मी तडक दुकानाच्या मागच्या खोलीत शिरले. फडताळावर, कापडाखाली, जुळवून तयार संगणक. वर चिठ्ठी — 'जुळणीवाल्या बाई'. खाली पहिल्याच आठवड्यातली तारीख!

"हा तीन आठवडे तयार आहे?"

कानावरची पेन्सिल खाली पडली. "आहे... पण एकदा नेलात, की परत कशाला याल?"

"आणि माझं काम गेलं असतं म्हणजे?"

तो पांढराफटक पडला. "चुकलं माझं. आत्ता घरी पोचवतो. बसवूनही देतो."

"बिघडला तर?"

"माझ्या हातचा बिघडत नाही!" तो छाती काढून म्हणाला... आणि आपण काय बोलून बसलो हे कळून त्याचा चेहरा एवढासा झाला.

मला हसू आवरेना. "मग दर शनिवारी, न बिघडलेला बघायला या."

काम मिळालं. यंत्र अकरा वर्षं बिघडलं नाही, आणि तो एकही शनिवार चुकला नाही. मध्येच कधीतरी लग्न केलं, तेवढीच त्याची ये-जा वाचली.

आज घरात नवा डेस्कटॉप आलाय. दुकानात हे पुटपुटलेच, "पुढच्या आठवड्यात नवं मॉडेल..." मी नुसतं बघितलं. आता टेबलाखाली शिरून तारा जोडताहेत. कानावर अजून पेन्सिल आहे. केस तेवढे नाहीत.

"अहो... तेव्हा तुम्ही मला पहिल्याच दिवशी यंत्र दिलं असतं, तर..."

टेबलाखालून आवाज आला, "अगं, ते सगळं खरं. पण जरा पाय उचल ना, वायरीवर उभी आहेस."