बोयसूनची बदललेली वंशावळ

"माझं लग्न मोडलं, ओपा! भर अंगणात, पाहुण्यांसमोर!"

सादतचा हुंदका आवरेना. मुहय्यो ओपांनी, म्हणजे मुहय्योताईंनी, तिला पाणी दिलं. पोलिसातली नोकरी सोडून त्या बोयसून गावात खाजगी तपास करीत. त्यांचा गाडीवाला आणि मदतनीस तुर्सुनकुल चहा ओतता ओतता थांबला.

सादतचं घराणं ताजिक बोलणाऱ्या विणकरांचं, तर नवरामुलगा कोंग्रात टोळीतला उझबेक. त्याचा काका एशबुरी यानं काल घरची जुनी वंशावळ मोठ्यानं वाचली होती : 'मूळपुरुष सन १४२० मध्ये खानाच्या फौजेबरोबर उत्तरेच्या गवताळ मुलखातून आला. या वंशात बाहेरची सून कधीच आली नाही.'

"पण नवऱ्यामुलाची आजी म्हणते, कागद बदललाय," सादत म्हणाली.

ओपा थेट आजीकडे गेल्या. वंशावळ तिच्याच पेटीत असे.

"मला वाचता येत नाही गं. पण सासूबाई एका तांबड्या नावावर बोट ठेवायच्या, 'ही आपली पहिली सून' म्हणायच्या. यात सगळंच काळं!"

ओपांनी कागद निरखला. प्रत्येक अक्षर जाड, कोनेदार, एकाच मापाचं. लेखणीचा वळसा कुठंच नाही.

"ही जुनी लिपी गावात कुणाला येते?"

"दोघांनाच. शाळेतल्या निझोम मास्तरांना आणि आमच्या एशबुरीला. थडग्यांचे दगड कोरतो ना तो! दोघंही इथं रोज चहाला येतात."

निझोम मास्तर चिडलेच. "सादतला मी माझ्या मुलासाठी मागणी घातली होती, तिनं नाही म्हटलं. म्हणून मी कागद बदलीन? तीस वर्षं मी मुलांना खानाची स्वारी शिकवतोय. ती झाली १५००च्या सुमाराला!"

एशबुरीनं छाती पुढे काढली. "आमचं रक्त चोख आहे. लिहिलंय तेच खरं!"

"मास्तरच तो!" बाहेर येताच तुर्सुनकुल म्हणाला. "सूड उगवला त्यानं."

"सगळ्यांना अंगणात बोलाव," ओपा एवढंच म्हणाल्या.

माणसं जमली. ओपांनी वंशावळ उलगडली.

"या कागदात खानाची फौज ऐंशी वर्षं आधीच येऊन पोचलीय. मास्तरांच्या हातून हे साल चुकणार नाही. आणि ही अक्षरं बघा. हा हात लेखणीचा नाही, छिन्नीचा आहे. एशबुरी, जन्मभर तुम्ही मेलेल्यांची नावं जपलीत. स्वतःच्या पूर्वजांची नावं तुम्ही जाळली नसणार. मूळ कागद आणा."

एशबुरी उठला आणि आपल्या दगडकामाच्या कारखान्यातून चामड्यात गुंडाळलेला कागद घेऊन आला.

त्यात एक नाव तांबड्या शाईत होतं. मास्तरांनी वाचलं : 'मूळपुरुष घोड्यावरून आला. इथल्या विणकराच्या लेकीनं, जुलैहोनं, त्याला पाणी दिलं. त्यानं तिच्याशी निकाह केला. त्याची मुलं बापाची तुर्की बोलली, आईची ताजिकही बोलली.'

"म्हणजे आम्ही अर्धे विणकर?" कुणीतरी पुटपुटलं.

"म्हणून तर उझबेक!" ओपा म्हणाल्या. "कुणी घोड्यावरून आलं, कुणी आधीपासून इथंच पेरत-विणत होतं. दोघांचा संसार झाला, त्यातून आपण झालो. जुलैहोला गाळलंत तर तुमच्यातला एकही माणूस इथं उभा राहत नाही!"

आजीनं टाळी वाजवली. तिच्यामागून अख्खं अंगण टाळ्या वाजवू लागलं.

एशबुरी सादतच्या वडिलांसमोर गेला आणि छातीवर हात ठेवून वाकला. "लाज वाटत होती मला, म्हणून लपवलं. माफ करा, व्याहीबुवा. वरात मी स्वतः घेऊन येतो."

त्याच दुपारी पुरुषभर लांबीचे कर्णे एकदम गरजले आणि सादतच्या दारात वरात येऊन थडकली. सगळ्यांच्या पुढं, घामाघूम होऊन, एशबुरी नाचत होता.