डॅन्यूब ओलांडणारी थप्पी

दिवा जरा जवळ ओढा आणि ऐका. ही गोष्ट पिंपळगाव बसवंतच्या एका कोल्ड स्टोरेजमधली आहे आणि ती घडली भर दुपारी. भुतांनी रात्रीच यावं असा काही नियम नाही. तिथं दार लावून दिवे घालवले, की दुपार आणि अमावस्या सारखीच.

तिथला सुपरवायझर कोंडाजी. वय चाळिशीपुढचं, बाहेरून बी.ए. करत होता आणि इतिहासाच्या पेपरात सारखा आपटत होता. शेठनं सरळ सांगितलं होतं, "या वेळी पास झालास तर मॅनेजर तू. नाहीतर माझा मेहुणा." मेहुणा आतापासूनच केबिनमध्ये येऊन पंखा कुठं लावायचा ते बघून जायचा.

त्याला बुडवत होता रोमन सम्राट मार्कस ऑरेलियस. हा भला माणूस वर्षानुवर्षं डॅन्यूब नदीकाठी तळ ठोकून टोळ्यांशी लढत बसला. मार्कोमान्नी, क्वाडी, सार्मेशियन. त्यातले जर्मन कुठले आणि घोड्यावरचे कुठले, कोंडाजीच्या डोक्यात सगळ्यांची भेळ व्हायची. शेवटी त्यानं आपल्या परीनं तोड काढली. एक्स्पोर्टच्या द्राक्षपेट्यांच्या थप्प्यांवर खडूनं एकेक नाव घातलं. खोलीच्या मधून पाणी जायची नाली होती, ती डॅन्यूब. अलीकडे रोमन, पलीकडे टोळ्या. कानटोपी घालून तो मध्ये उभा राहायचा आणि गाइडमधून मोठ्यानं वाचायचा, "सार्मेशियन घोडेस्वार गोठलेल्या नदीवर आले. रोमन शिपायांनी ढाली बर्फावर टाकून त्यांवर पाय रोवले..." इथवर आला की पुन्हा पहिल्यापासून. परीक्षेला लढाया येतात, तह कोण विचारतो, असं त्याचं गणित होतं.

मग एक थप्पी हलायला लागली.

सकाळी कुलूप काढावं तर सार्मेशियन नालीच्या अलीकडे. त्यानं हमालांना झापलं, त्यांनी देवाशपथ नाही म्हटलं. थप्पी परत ढकलली, तरी दुसऱ्या दिवशी तेच. आणि द्राक्षांच्या गोड, गार वासात एक तिसराच वास मिसळला होता. घामेजलेल्या घोड्याचा.

पॅकिंगच्या बायांची मुकादम होती साळूबाई, पेठ तालुक्यातली, दर हंगामाला येणारी. कोंडाजीनं तिला हळूच विचारलं, "आत तुम्हाला कसला वास येतो का?"

"येतो की. मी बोलले नाय. म्हटलं, भाऊ लय अभ्यास करत्यात, आंघोळ ऱ्हात आसंल."

पेपरच्या आदल्या दुपारी इंग्लंडला जाणारा कंटेनर दाराशी लागला. भरायचा माल बघायला कोंडाजी आणि साळूबाई आत शिरले, मागे दार लोटलं आणि लोडशेडिंगची लाईट गेली. कॉम्प्रेसरची घरघर थांबली. त्या काळोखात आधी काहीच नव्हतं. मग बर्फावर जपून टाकलेलं एक पाऊल वाजलं. खूर... मग दुसरा. मग सगळी खोली खुरांनी भरून गेली. कोंडाजीच्या मानेवर कोणीतरी फुरफुरलं, आणि त्या कडाक्याच्या गारठ्यात तो श्वास चक्क ऊबदार होता.

कोंडाजी मनापासून घाबरला. कुठल्या जमान्यातल्या लढाईत पिंपळगावचा माणूस मरणार, आणि त्याचे मार्कही मिळणार नाहीत.

"भाऊ..." साळूबाई कुजबुजली. "ह्यांना काय पायजे?"

"लढाई चाललीय यांची..."

"तुमीच रोज लावताय ती. दमले आसतील. मिटवा ना आता."

"कशी मिटवू... तह मी वाचलाच नाही."

"मंग वाचा... आत्ता वाचा."

मोबाईलच्या उजेडात त्यानं खिशातल्या गाइडचं पान उलटलं. "सार्मेशियनांनी तह केला... कैदी सोडले... आठ हजार घोडेस्वार रोमला दिले. त्यांतले साडेपाच हजार सम्राटानं..." त्यानं दाराकडे, कंटेनरच्या दिशेला बघितलं. "...ब्रिटनला पाठवले."

खूर थांबले. मग शिस्तीत वळले आणि दोघांच्या अंगाला घासून दाराकडे गेले. बाहेर कंटेनर करकरत खाली बसला, वऱ्हाड चढल्यावर टेम्पो बसतो तसा. लाईट आली तेव्हा सार्मेशियन थप्पी कंटेनरमध्ये नीट लागलेली होती आणि हमाल पलीकडे टपरीवर चहा पीत होते.

पेपरात मार्कस ऑरेलियसच आला. कोंडाजीनं तहासकट लिहिला. तो पास झाला, मॅनेजर झाला आणि पंखा स्वतःला हवा तिथं लावला. इंग्लंडहून फॅक्स आला तेवढाच काय तो त्रास: माल उत्तम, कंटेनरचं सील शाबूत, पण आत ताजी लीद कशी? त्याला त्यानं सेंद्रिय शेती असं उत्तर धाडलं.

पुढच्या हंगामाला साळूबाई आली, ती आधी केबिनमध्ये डोकावली. पहिली पेटी अजून यायची होती, कोल्ड स्टोरेज रिकामं होतं, कॉम्प्रेसर बंद.

"भाऊ, वरीसभर डोक्यात हाय, इचारू का? आठ हजारातले साडेपाच गेले. बाकीच्यांना कुठं धाडलं?"

कोंडाजीनं गाइड काढून ते पान वरून खाली दोनदा वाचलं. बाकीच्यांविषयी त्यात एक अक्षर नव्हतं.

"दिलेलं नाही," तो म्हणाला.

पलीकडच्या रिकाम्या खोलीच्या दारावर आतून एक टाप पडली. मग थोडं थांबून, उत्तराची वाट बघितल्यासारखी, दुसरी.